ढिला जॉब

“आउट हाय की ओ ह्ये,” मिस्त्री म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ती रेकॉर्ड मीच ओतली होती.

शिवाजी उद्यमनगरातलं ते जेमतेम १० बाय १५ चं शॉप. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, भिंतीवर अंबाबाईचं तेलकट झालेलं कॅलेंडर आणि पायाखाली ॲल्युमिनियमच्या कुरळ्या सालपटांचा ढीग. काम अगदी क्षुल्लक होतं. लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे मला ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डींच्या, अकरा सिंगल्स मिळाल्या होत्या, सगळ्या मोठ्या भोकाच्या. माझ्या प्लेअरचा दांडा सव्वासात मिलिमीटरचा आणि रेकॉर्डचं भोक ३८ चं. मध्ये बसवायला बुश हवा. प्लॅस्टिकचा बुश घरपोच मिळतो, चहा-वड्याच्या पैशात. पण टर्नरच्या पोरानं कोल्हापुरात राहून बुश बाहेरून मागवायचा, हे मनाला पटेना. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमचा एक तुकडा चकमध्ये, लेथच्या फिरत्या पकडीत, धरला, दोन कट मारले, व्हर्नियर लावला, एक फिनिशिंगचा हात फिरवला आणि बुश माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता. रेकॉर्डच्या भोकात तो असा बसला की हलवायची सोय नाही. मी खूश. पैसे द्यायला खिशात हात घातला, तर मिस्त्रींनी रेकॉर्ड माझ्या हातातून काढून घेतली आणि दिव्याखाली तिरकी धरली.

“ह्ये तर आटे पाडल्यात की फेसवर.”

मग मी जरा माहिती पाजळली. म्हटलं, खरंच आहे, मूळ तबकडी लेथवरच कापतात. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर असतो, त्यात टूल खाच पाडत बाहेरून आत येतं आणि गाणं वाजेल तसं ते टूल थरथरतं. त्यावरून धातूचे साचे निघतात, साच्यात गरम प्लॅस्टिक दाबलं की झाली रेकॉर्ड. आपल्याकडे हे काम कोलकात्याजवळ डमडमच्या कारखान्यात चालायचं. मिस्त्रींना पुढचं काही ऐकायचं नव्हतं. “म्हंजे त्यो बी टर्नरच,” एवढं बोलून त्यांनी चकमध्ये एक पिन धरली, तिच्यावर बुशसकट रेकॉर्ड चढवली, टूलपोस्टला एक तार बांधून तिचं टोक लेबलाजवळच्या शेवटच्या बंद वर्तुळावर आणलं आणि चक हातानं सावकाश फिरवला. वर्तुळ तारेपासून लांब गेलं, जवळ आलं, परत लांब गेलं. आउट म्हणजे हे: भोक सेंटरला नाही. मला डोळे बारीक करावे लागले. मिस्त्रींना लागले नाहीत. “अर्धा एमेम सहज. आटे पाडणाऱ्याची चूक न्हाई ही. भोक पाडणाऱ्याची.”

आणि मग ते म्हणाले की ३८ चं भोक खरा सेंटर धरून ३९ चं करू, बुश नवा करू, दोन मिंटाचं काम. मी घाईघाईनं रेकॉर्ड काढून घेतली. म्हटलं, राहू दे, असू दे तसंच. जुनी वस्तू आहे. मिस्त्री हात पुसत होते. वर न बघताच म्हणाले, “आउट हाय म्हंटल्यावर जॉब हातातनं सोडायचा नस्तोय, साहेब.”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत नव्हतो. म्हणूनच ते घरापर्यंत मागे आलं.

त्या अकरा सिंगल्सबद्दल आधी सांगतो. त्यांना कव्हर नव्हतं. कडेला सुकलेल्या गाळाची तांबूस रेघ होती आणि वास ओळखीचा होता. २०१९ च्या ऑगस्टनंतर महिनाभर अर्ध्या कोल्हापूरच्या घरांना तो वास होता. भंगारवाला म्हणाला, पुरात भिजलेला लाऊडस्पीकरवाल्याचा माल आहे. पुराचं पाणी कागद खातं, प्लॅस्टिकला काही करू शकत नाही. मी त्या रिठ्याच्या पाण्यात एकेक करून धुतल्या, लेबलावर वाटी पालथी घालून. शेवटचा हात बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा, कारण आपल्या नळाचं पाणी वाळलं की खाचांत पांढरं मागे ठेवतं. ओल्या रेकॉर्डी भांड्यांच्या जाळीत ताटल्यांच्या रांगेत उभ्या केल्या. आईनं येऊन पाहिलं आणि काही बोलली नाही. ती न बोलण्यातून पुष्कळ बोलते.

भाव करताना मी विचारलं होतं, वाजतात का? तर भंगारवाला म्हणाला, “ते इचारू नका. वाजत्यात म्हंटलं की दर वाढवाय लागंल.” वाजल्या. नऊ वाजल्या, त्यातल्या चार खऱ्या अर्थानं. बाकीच्यांत सुरापेक्षा खरखर मोठी. लाऊडस्पीकरवाले सुई उडू नये म्हणून आर्मवर पाच पैशांचं चौकोनी नाणं चिकटवायचे. नाणं दीड ग्रॅमचं असलं तरी सुईच्या टोकाला तो दीड ग्रॅम म्हणजे नांगर. लग्नांत, तालमीच्या गणपतीत, कर्ण्यातून वाजून वाजून त्या खाचांची शेतं झालेली. त्यात ढोलकीचं गाणं असेल तर आउट असल्याचं कळतही नाही, ठेका सगळं झाकतो. पण एक भावगीत निघालं. गाण्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की तुमच्या डोक्यात ते सरळ वाजायला लागेल आणि मला जे सांगायचंय ते सुटेल. त्या गाण्यात गायक एका शब्दावर लांब थांबतो. आणि तो थांबलेला सूर माझ्या रेकॉर्डवर स्थिर नव्हता. पाळण्यासारखा किंचित वर, किंचित खाली. ४५ ची रेकॉर्ड एका फेऱ्याला सव्वा सेकंदाहून जरासा जास्त वेळ घेते. सूरही तेवढ्याच वेळात एकदा डोलायचा.

कागदावर हिशेब केला, कारण आयुष्यभर मी तेवढंच केलंय. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं की खाच कधी सुईखालून किंचित जलद जाते, कधी किंचित सावकाश. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ येईपर्यंत ती २५ वर येते. वर्तुळ लहान होत गेलं की तोच अर्धा मिलिमीटर मोठा होत जातो. म्हणजे गाणं सुरुवातीला जवळजवळ सरळ असतं आणि शेवटाकडे डोलायला लागतं. आपल्याकडे एका बाजूला दोन-दोन गाणी असलेल्या ईपी जास्त निघायच्या. त्यातल्या आतल्या गाण्याच्या नशिबी हे कायमचं. मला लहानपणी आतली गाणी जास्त उदास का वाटायची, याचं उत्तर असं गणितात मिळेल याची अपेक्षा नव्हती. अर्थात, ती गाणी उदासच असतील. हे सगळं गणितावर ढकलणं बरं नव्हे.

आबा उद्यमनगरात टर्नर होते. तेलावरच्या इंजिनांचे भाग करणाऱ्या एका शॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. संध्याकाळी घरी आले की आधी लाइफबॉय आणि वाळूनं हात धुवायचे, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. त्यांनी सेकंडहँड रेकॉर्ड प्लेअर घेतला तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. करड्या रंगाची पेटी, झाकणातच स्पीकर. पगार झाला की एखादी सिंगल यायची. एलपी घेण्याची ऐपत नव्हती आणि, आता वाटतं, इच्छाही नव्हती. एलपी म्हणजे २० मिनिटं बसावं लागतं. दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला तीन मिनिटं परवडतात. तीन मिनिटं, १३५ फेरे, मग उठून बाजू बदलायची किंवा झोपायला जायचं.

नवी रेकॉर्ड घरी आली की आबा पहिलं काम कोणतं करायचे, तर तिचं मधलं काढून टाकायचे. काहींच्या मध्ये चार पायांवर टेकलेली चकती असायची, ती अंगठ्यानं दाबली की कट्‌ असा आवाज करून निघायची. त्या चकत्या आम्हा पोरांकडे यायच्या, खेळण्यातल्या बैलगाडीला चाकं म्हणून. ज्या अखंड असायच्या त्या दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून शॉपला जायच्या आणि संध्याकाळी मोठं भोक घेऊन परत यायच्या. मोठं भोक ही अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची कल्पना. १९४९ मध्ये त्यांनी ४५ ची रेकॉर्ड काढली तेव्हा त्यांच्या चेंजरचा दांडा जाड होता, वर चळत लावायची आणि एक संपली की दुसरी खाली पडायची. आमच्याकडे चेंजर नव्हता. बारीक दांड्याचाच प्लेअर होता, ज्याच्यावर लहान भोकाची रेकॉर्ड नीट बसली असती. मग भोक मोठं करायचं कशाला, आणि ते भरायला बुश करायचा कशाला? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. बापानं केलेल्या गोष्टीला कारण असतं असं त्या वयात धरूनच चालतो आपण, आणि पुढे कारण नसतंच असं धरून चालतो.

तो बुश आबांनीच केलेला, ॲल्युमिनियमचा, आणि तो ढिला होता. रेकॉर्डमध्ये टाकला की खुळखुळायचा. शॉपमधले त्यांचे दोस्त चहाला यायचे तेव्हा त्यावरून चेष्टा व्हायची की मिस्त्री दुसऱ्याला पॉइंट झिरो टू सोडत नाही आणि स्वतःच्या घरी हे असलं. आबा हसायचे. उत्तर द्यायचे नाहीत. मग रेकॉर्ड लावायचे, आणि ते लावणं म्हणजे एक पूजाच होती. सुई टेकवायची, मान तिरकी करून आर्मकडे बघायचं, सुई उचलायची, रेकॉर्डच्या कडेला टिचकी मारायची, परत सुई. असं दोनदा, कधी तीनदा. आम्ही बहीण-भाऊ नक्कल करायचो. मला वाटायचं तबल्यावाला हातोडी मारतो तसलं काहीतरी असेल. किंवा नुसतीच सवय.

आबांना उंच आवाज ऐकू यायचे कमी झाले होते. दाराची बेल नाही यायची, शिट्टी नाही यायची. पण लेथचं बेअरिंग गेलंय हे ते रस्त्यावरून सांगायचे.

या गावात गाण्याच्या बाबतीत मोठी माणसं इतकी होऊन गेली की लहान माणसांनी कसं ऐकलं हे कोणी विचारत नाही. सुधीर फडके १९१९ मध्ये इथलेच जन्मलेले. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथे ठेवून घेतलं, आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानांवर चढून सूर्यमालेच्या बाहेर निघाली आहे. तीही तबकडीच, तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, मिनिटाला पावणेसतरापेक्षाही कमी फेऱ्यांची. सोबत सुई दिली आहे, कशी वाजवायची याची आकृती कोरली आहे. साडेतीन मिनिटांची ती भैरवी मी खूपदा ऐकली आहे, आणि हल्ली ऐकताना एक वेडगळ शंका येते: तिकडे कोणाच्या हाती ती पडली आणि भोक सेंटरला नसलं तर? टिचकी मारायला हवी, हे आकृतीत दाखवलंय का?

आता जे सांगायचं टाळत होतो ते. १९८५ साली मी सातवीत होतो. घरात टेपरेकॉर्डर आला होता आणि प्लेअरवर आईनं झाकण म्हणून घातलेल्या कापडावर इस्त्रीचे कपडे साठायला लागले होते. शाळेत कार्यानुभवाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ होतं. कोणीतरी सांगितलं की रेकॉर्ड उकळत्या पाण्यात धरली की पापडासारखी मऊ होते, ती पातेल्यावर दाबायची, कडा मुरडायच्या, कुंडी तयार. मधलं भोक पाणी जायला आयतंच. मी आबांच्या रेकॉर्डींतल्या आठ घेतल्या. विचारलं नाही. स्वयंपाकघरात वाफ, जळक्या प्लॅस्टिकचा कोंदट गोडसर वास, आणि हातात ती लवलवणारी काळी भाकरी. कडा फुलासारख्या वळायच्या याची मजा वाटत होती, हे कबूल करायला हवं. दहापैकी नऊ मार्क मिळाले. आबा संध्याकाळी आले, ओट्यावर रांगेत मांडलेल्या कुंड्या बघितल्या, एक उचलली, आतलं लेबल वाचलं. म्हणाले, “कडा बरोबर आल्यात.” आणि हात धुवायला गेले.

उरलेल्या रेकॉर्डी पुढे केव्हातरी प्लेअरसकट गेल्या. कोणी दिल्या, कोणाला दिल्या, यावर घरात तीन मतं आहेत. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

त्या रात्री उद्यमनगरचा बुश लावून मी ते भावगीत सहा-सात वेळा ऐकलं. मिस्त्रींना नाही का म्हणालो, याचं मी स्वतःला दिलेलं उत्तर फार सुंदर होतं: डोलणारा सूर हाच माझा सूर, लहानपणी असंच ऐकलंय, सरळ केलं तर माझं राहणार नाही वगैरे. अशी उत्तरं आपल्याला फार पटकन सुचतात, म्हणून त्यांचा भरवसा धरू नये. कारण खोलात गेलो तर मला लहानपणचा डोलणारा सूर आठवतच नव्हता. आतली गाणी उदास वाटायची एवढंच आठवत होतं. डोलणं मी कालच ऐकलं होतं.

आणि ज्या माणसाला बेअरिंग रस्त्यावरून ऐकू यायचं, त्याला हे ऐकू आलं नसेल?

सकाळी आई देवापुढे बसली होती. मी बुश दाखवला, कसा घट्ट बसतो ते सांगितलं. तिनं हातात घेऊन फिरवला. “असलंच एक वातींच्या वाटीत आहे की.”

वातींची वाटी म्हणजे त्या आठ कुंड्यांतली शेवटची. इतकी वर्षं ती देवघरात फुलवातींनी भरलेली आहे आणि इतकी वर्षं मी त्याच घरात राहतो. आईनं वाती ताटलीत काढल्या. तळाशी भोकात आबांचा बुश होता, तुपानं पिवळा पडलेला. प्लॅस्टिक तापून भोक थोडं आकसलं होतं, म्हणून इथे तो गच्च बसलेला. कुंडीत माती घालायचा उत्साह माझा आठवड्यात संपला तेव्हा आबा तिच्यात घड्याळ ठेवायला लागले होते, आणि घड्याळ भोकातून खाली पडायचं. तेव्हा रेकॉर्डी अजून घरात होत्या. म्हणजे बुश इथे गेला त्या दिवसापासून प्लेअर बंद.

“पण तो ढिला होता ना गं?”

“मग? ढिला असल्याशिवाय सरकवणार कशी? सुईचा दांडा डोलायचा, मग ते टिचकी मारून रेकॉर्ड सरकवायचे. दांडा डोलायचा थांबला की म्हणायचे, बस. मी तर रोज बघायचो,” आई म्हणाली आणि वाती मोजायला लागली.

मी वाटी घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींना सगळी गोष्ट सांगायची तयारी केली होती, पण लेथच्या आवाजात अर्धं वाक्य त्यांना पोचलं आणि तेवढं पुरलं. त्यांनी अंगठ्यानं बुश मागून दाबून बाहेर काढला, कापसानं पुसला, व्हर्नियर लावला. “सदतीस पॉइंट दोन.” मग नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, नखानं कड तपासली. मी माझा ३८ चा पुढे केला आणि म्हटलं, हा एवढाच करून द्या.

“ढिला?”

“ढिला.”

“सगळीकडनं सारखा ढिला पायजे पण,” ते म्हणाले, आणि चकमध्ये धरताना त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. पैसे पहिल्याइतकेच. आबांचा बुश मी खिशात ठेवणार होतो, पण त्यांनी तो वाटीच्या भोकात परत बसवला आणि बोटानं ठोकून पक्का केला.

रात्री ते भावगीत लावलं. सुई टेकवली, मान तिरकी करून आर्म बघितला. डावीकडे, उजवीकडे. सुई उचलली, टिचकी मारली, परत टेकवली. आता डोलणं दुप्पट झालं. दुसऱ्या बाजूनं मारली, तर रेकॉर्ड भलतीच सरकली. पाचव्या-सहाव्या वेळी थोडं बरं वाटलं, तोवर आर्म बघायच्या नादात गाणं कुठवर आलं ते कळलंच नाही, आणि तो लांब सूर येऊन गेलाही होता. परत सुरुवातीपासून. आतल्या खोलीतला दिवा बंद झाला. मला वाटलं आई झोपली.

“जोरात मारतोयस,” ती अंधारातून म्हणाली. “ते नखानं मारायचे.”